साक्ष आणि सजावट

दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्गातच पाठ करतो. खोटी साक्ष देऊ नये, हे तिचे सार. कोर्टकचेरीशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा साध्यासुध्या माणसाला वाटत राहते, की निदान ही एक आज्ञा तरी आपल्या हातून मोडली गेलेली नाही. पण साक्ष म्हणजे न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहून बोललेले शब्द एवढाच तिचा अर्थ नाही. 'हे असे घडले, मी तेथे होतो' असे जो कोणी सांगतो तो साक्षच देत असतो. पत्र लिहिणारा, मृत्युलेख लिहिणारा, आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहून काढणारा, हे सारे साक्षीदारच होत. १८३९ साली छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि साक्षीचे एक नवेच साधन माणसाच्या हाती आले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, त्याचप्रमाणे छायाचित्र समोर असताना वेगळा पुरावा कशाला, अशी आपली समजूत त्यामुळे रूढ झाली.

या समजुतीची परीक्षा पाहायची तर अशा ठिकाणी जावे लागते, जेथे छायाचित्र काढणाऱ्यावाचून दुसरा साक्षीदारच नव्हता. विसाव्या शतकाच्या आगेमागे उत्तर आणि दक्षिण ध्रुवांकडे ज्या मोहिमा निघाल्या, त्यांत ही स्थिती पुरेपूर होती. तेथे गाव नाही, पंच नाहीत, वाटसरू नाही. क्षितिजापर्यंत बर्फ, आणि त्यावर मूठभर माणसे. ती परत येऊन जे सांगतील आणि जे दाखवतील तेच जगाने खरे मानायचे.

कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला हा विषय फार दूरचा वाटण्याचे कारण नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानंतर अवघ्या तीन दिवसांनी, घाटाखालच्या गोव्यातूनच पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली होती. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील एकवीस जणांची ही तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमखंडावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर डॉ. अदिती पंत होत्या. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील ही सागरशास्त्रज्ञ अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक. या मोहिमांच्या वेळी बिनतारी संदेशवहन होते आणि मायदेशाशी संपर्क राखता येत होता. सत्तर वर्षांपूर्वीच्या मोहिमांना यातले काहीच उपलब्ध नव्हते. त्यांच्याजवळ होती ती दैनंदिनी, काचेच्या प्लेटांचे जड कॅमेरे, आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी.

उघड लबाडीचे उदाहरण प्रथम पाहून टाकू, कारण त्यावर फार वेळ घालविण्याची गरज नाही. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक कुक यांनी १९०६ साली अलास्कातील मॅकिन्ली ऊर्फ डेनाली या अत्युच्च शिखरावर आपण चढून गेल्याचे जाहीर केले. पुढे पुस्तकात त्यांनी आपला सोबती झेंडा घेऊन माथ्यावर उभा असल्याचे छायाचित्रही छापले. याच कुक यांनी १९०९ साली, आपण आदल्या वर्षी उत्तर ध्रुवावर पोहोचलो होतो, असा दावा केला. १९१० मध्ये काही गिर्यारोहक त्या छायाचित्राचा माग काढीत गेले, तेव्हा तो खडक खऱ्या शिखरापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, एका किरकोळ उंचवट्यावर सापडला. त्या उंचवट्याला पुढे 'खोटे शिखर' असेच नाव पडले. येथे कॅमेऱ्याने काहीही असत्य टिपले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. माणूस खरा, झेंडा खरा, खडकही खरा. असत्य होते ते चित्राखाली छापलेल्या ओळीत.

कुक यांचे प्रतिस्पर्धी रॉबर्ट पिअरी यांनी ६ एप्रिल १९०९ रोजी आपण उत्तर ध्रुव गाठल्याचे सांगितले. त्यांच्याही छायाचित्रात बर्फाच्या ढिगाऱ्यावर झेंडे घेऊन उभी असलेली पाच माणसे दिसतात. परंतु ध्रुवावरचा बर्फ आणि ध्रुवाच्या शंभर मैल अलीकडचा बर्फ छायाचित्रात सारखाच दिसतो. पिअरी यांच्या दाव्याविषयीचा वाद म्हणूनच आजतागायत मिटलेला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. छायाचित्र आपल्या पायावर उभे राहत नाही, ते काढणाऱ्याच्या शब्दाच्या आधारावर उभे राहते. त्या चित्राबाबत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यात मध्यभागी मॅथ्यू हेन्सन हे कृष्णवर्णीय अमेरिकन आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चार इनुइट सोबती आहेत. चित्रात हे पाच जण आहेत, पण कीर्तीचा वाटा दीर्घकाळ एकट्या पिअरींनाच मिळाला. हेन्सन यांचे अवशेष सन्मानपूर्वक आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आणण्यास १९८८ साल उजाडावे लागले. चित्रात असूनही माणूस दिसेनासा होऊ शकतो, तो असा.

आता दक्षिण ध्रुवाकडे वळू. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेबरोबर हर्बर्ट पाँटिंग हे निष्णात छायाचित्रकार होते. हिमनगाच्या गुहेतून दिसणारे जहाज हे त्यांचे १९११ मधील चित्र आजही पाहणाऱ्याला थक्क करते. माणसांना थंडीत कुडकुडत हव्या त्या स्थितीत उभे करण्याची त्यांची हौस इतकी जबर होती, की सहकाऱ्यांनी त्यांच्या नावावरून थट्टेने एक क्रियापदच तयार केले होते. पाँटिंग प्रत्यक्ष ध्रुवापर्यंत जाणार नव्हते. म्हणून त्यांनी बॉवर्स व इतर काही जणांना कॅमेरा हाताळण्याचे शिक्षण दिले, आणि दोरी ओढून स्वतःचेही छायाचित्र कसे काढावे हे शिकविले.

१७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट आणि त्यांचे चार सोबती दक्षिण ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन त्यांच्या आधी, १४ डिसेंबर १९११ रोजी, तेथे येऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी या पाच जणांना आमुंडसेन यांनी मागे ठेवलेला तंबू सापडला. तंबूत नॉर्वेच्या राजासाठी एक पत्र होते, आणि ते पुढे पाठवावे अशी स्कॉट यांना उद्देशून विनंती होती. परतीच्या वाटेवर आपले काही बरेवाईट झाले, तर आपल्या विजयाची साक्ष आपल्या प्रतिस्पर्ध्याने द्यावी, असा त्या विनंतीचा अर्थ.

त्या क्षणी या पाच जणांनी काय केले? त्यांनी कॅमेरा काढला. आमुंडसेन यांच्या तंबूपाशी, वर फडकणाऱ्या नॉर्वेच्या निशाणासह, आपल्या माणसांचे छायाचित्र घेतले. मग स्वतःचे निशाण रोवून पाचही जणांचे एक चित्र घेतले. खाली बसलेल्या बॉवर्स यांच्या हातात कॅमेऱ्याची दोरी आहे. थंडीने सोललेले चेहरे, थकलेले डोळे. विजयाचा आव कोणीही आणलेला नाही. शेकडो मैल गाडी ओढत येऊन त्यांच्या पदरी पराभव पडला होता, आणि तो पराभव त्यांनी आपल्याच हाताने, आपल्याच फिल्मवर नोंदविला. ते पत्रही स्कॉट यांनी बरोबर घेतले. परतीच्या वाटेवर पाचही जणांचा अंत झाला. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला शेवटच्या तिघांचा तंबू सापडला. त्यांच्या दैनंदिन्या आणि ती फिल्म तेथेच होती. आमुंडसेन सुखरूप परतले होते, म्हणून त्या साक्षीची त्यांना गरज पडली नाही. पण ती दिली गेली होती. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट आपणच जपून ठेवणे, ही साक्षीची सर्वांत कठीण कसोटी आहे, आणि त्या थंडीत, कोणी पाहत नसताना, हे पाच जण तीत उतरले.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न उभा केला तो फ्रँक हर्ली यांनी. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या 'एन्ड्युरन्स' जहाजावर हे ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होते. १९१५ च्या जानेवारीत जहाज बर्फात अडकले. २७ ऑक्टोबरला ते सोडून द्यावे लागले आणि २१ नोव्हेंबरला बुडाले. मधल्या दिवसांत हर्ली यांनी मोडलेल्या जहाजातील गोठणाऱ्या पाण्यात उतरून आपल्या काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. आता बर्फावरून आणि होड्यांतून जायचे होते, ओझे फार नेता येणार नव्हते. शॅकल्टन यांनी सोन्याची नाणी टाकून दिली. राणी अलेक्झांड्रा यांनी मोहिमेला भेट दिलेले बायबलही मागे ठेवले. त्यातील राणीच्या हस्ताक्षराचे पान, एक स्तोत्र आणि ईयोबाच्या ग्रंथातील एक पान तेवढे फाडून बरोबर घेतले. हर्ली आणि शॅकल्टन यांनी बर्फावर बसून एकेक प्लेट पाहिली. सुमारे १२० ठेवल्या आणि सुमारे ४०० तेथेच फोडून टाकल्या, पुन्हा मन मागे वळू नये म्हणून. उरलेल्या प्लेटा पत्र्याच्या डब्यांत झाळून बंद केल्या. त्या प्लेटांवर हर्ली यांचा किती जीव होता, हे यावरून कळते.

आणि तरीही पुढची गोष्ट घडली. २४ एप्रिल १९१६ रोजी शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका लहान होडीतून मदत आणण्यासाठी निघाले. एलिफंट बेटावर बावीस माणसे मागे राहिली. किनाऱ्यावरून हात हलवून त्यांनी होडीला निरोप दिला आणि हर्ली यांनी तो क्षण टिपला. ३० ऑगस्टला चिलीचे 'येल्चो' हे जहाज घेऊन शॅकल्टन परत आले आणि बावीसही जण वाचले. १९१९ मध्ये या मोहिमेचे पुस्तक निघाले, तेव्हा निरोपाच्या त्याच चित्रात फेरफार करून ते सुटकेचे चित्र म्हणून छापण्यात आले. निरोपासाठी हललेले हात स्वागतासाठी हललेले ठरविले गेले.

यात कोणाचे काय बिघडले, असे कोणीही विचारील. निरोप खरोखरच दिला गेला होता, सुटकाही खरोखरच झाली होती. माणसे तीच, किनारा तोच. हर्ली यांची स्वतःची भूमिकाही प्रामाणिक होती. १९१७ मध्ये ते ऑस्ट्रेलियन सैन्याचे छायाचित्रकार म्हणून बेल्जियममधील युद्धभूमीवर गेले, आणि दोन-तीन निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र बनवू लागले. सैन्याचे इतिहासकार चार्ल्स बीन यांनी त्याला सरळ बनावट म्हटले. एकाच निगेटिव्हमध्ये युद्धाचे संपूर्ण सत्य मावतच नाही, असा हर्ली यांचा युक्तिवाद होता, आणि त्यापायी राजीनामा देण्याची त्यांची तयारी होती. शेवटी अशी चित्रे जोडचित्रे असल्याचे स्पष्ट सांगावे, या अटीवर तडजोड झाली.

हर्ली यांच्या युक्तिवादाला आपल्या कोल्हापुरात काय उत्तर मिळाले असते, असा विचार मनात येतो. हे गाव चित्रांचे आणि पडद्यांचे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविले, १९१८ च्या सुमारास दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने चलच्चित्रणाचा कॅमेरा येथेच घडविला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब होते, की प्रेक्षक हादरून गेले आणि सरकारने ते कापावयास लावले. पण बाबूरावांनी आपल्याला फसविले, असे एकाही प्रेक्षकाला वाटले नाही. ते नाटक आहे, हे दाखविणाऱ्यालाही ठाऊक होते आणि पाहणाऱ्यालाही. १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी तरुण शांतारामांनी उभा केला. तो शेतकरी कल्पित होता, पण त्याचे दुःख गावोगाव खरे होते.

भेद येथे आहे. सजविणे, रचणे, रंगविणे यांत पाप नाही. कला ही देवाने माणसाला दिलेली देणगी आहे, आणि आपल्या चर्चमधील एकही मूर्ती कोणाच्या छायाचित्रावरून बेतलेली असावी, असा आपला आग्रह नसतो. परंतु 'हे असे घडले' असे म्हटले, की आपण कलावंताच्या आसनावरून उठून साक्षीदाराच्या जागी जातो. तेथे पाहणारा आपल्यावर विश्वास टाकून उभा असतो. हर्ली यांनी आपले चित्र 'सुटकेच्या क्षणाची कल्पना' म्हणून छापले असते, तर कोणाचीच हरकत नव्हती.

शिवाय त्या फेरफाराने नेमके काय हिरावून घेतले तेही पाहावे. मूळ चित्रात जी बावीस माणसे हात हलवीत होती, त्यांना ती होडी परत येईल की नाही हे ठाऊक नव्हते. पुढे १२८ दिवस ती दोन उलट्या केलेल्या होड्यांखाली राहिली. त्या अनिश्चित क्षणी वर झालेले हात हे आशेचे चित्र होते. आशा या सद्‌गुणाविषयी आपण इतके प्रवचन ऐकतो, ती आशा डोळ्यांना दिसावी तर अशीच दिसेल. सुटका झाल्यावर आनंदाने हात कोणीही हलवील. फेरफार करणाऱ्याने सत्यात भर घातली असे त्याला वाटले. वस्तुतः त्याने अधिक मोलाची गोष्ट खोडून कमी मोलाची तेथे आणून बसविली होती.

हीच गोष्ट आपल्या ख्रिस्तसभेत, अत्यंत भक्तिभावाने, घडलेली आहे. लिझ्यूच्या कार्मेल मठातील संत तेरेझा हिची बहीण सेलीन १८९४ मध्ये मठात दाखल झाली, ती आपला कॅमेरा घेऊनच. मठाच्या भिंतींआड तिने तेरेझाची अनेक छायाचित्रे काढली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तेरेझा क्षयाने वारली. तिची कीर्ती जगभर पसरू लागली तेव्हा भाविकांपुढे तिची जी चित्रे आली ती रंगवून, मृदू करून, गोड करून घेतलेली होती. सेलीनच्या मनात कपट नव्हते. छायाचित्रात आपल्या बहिणीचे खरे रूप उमटत नाही, असे तिला मनापासून वाटे. तेरेझाच्या आत्मचरित्राचा मजकूरही प्रथम पुष्कळसा संस्कारित होऊनच प्रसिद्ध झाला होता. मूळ हस्तलिखित १९५६ मध्ये आणि मूळ छायाचित्रे १९६१ मध्ये लोकांपुढे आली. तेव्हा दिसली ती ठसठशीत हनुवटीची, निश्चयी नजरेची, अखेरच्या काळातील चित्रांत आजाराने खंगलेली एक तरुण स्त्री. ती चित्रे पाहून कोणाची श्रद्धा ढळली नाही. उलट, दुखणे, थकवा आणि अंधार यांतून गेलेली बहीण आपल्याला आता लाभली, असेच असंख्य भाविकांना वाटले. खुद्द तेरेझाने मृत्यूपूर्वी काही आठवडे, पवित्र मरियेविषयीच्या प्रवचनांत तिचे कल्पिलेले नव्हे तर खरेखुरे जीवन दाखवावे, अशी इच्छा बोलून दाखविली होती. तिच्याच वाट्याला सजावट यावी, हा केवढा विरोधाभास!

आपल्या श्रद्धेचा मूळ पुरावा तर याहून धीट आहे. शुभवर्तमाने ज्या समाजात लिहिली गेली, त्या समाजाचा प्रमुख संत पेत्र होता. त्याने कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला तीनदा नाकारल्याची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. ती गाळणे अगदी सोपे होते. कोणी आक्षेपही घेतला नसता. ती ठेवली गेली, आणि म्हणूनच पडलेल्या माणसाला उठण्याचा धीर आजवर पेत्राकडून मिळत आला. त्याहीपुढची गोष्ट म्हणजे पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपले हात आणि कूस दाखविली. गौरवी देहावर ते व्रण तसेच होते. मरणावर विजय मिळविणाऱ्याला ते पुसून टाकणे अशक्य नव्हते. त्याने ते ओळख म्हणून जपले.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो प्रेमाच्या बाजूने येतो. सगळेच सत्य सगळ्यांना दाखवावे काय? घरातील प्रत्येक जखम चव्हाट्यावर मांडावी काय? तसे नाही. साक्षीदाराला मौनाचा अधिकार आहे, आणि कित्येकदा ते त्याचे कर्तव्यही असते. स्कॉट यांच्या शोधपथकाने दैनंदिन्या, पत्रे, फिल्म आणि सामान काढून घेतल्यावर तंबूचे बांबू काढले, तो तंबूच मृतांच्या अंगावर उतरविला आणि वर बर्फाची रास रचून क्रूस उभा केला. झाकणे हीदेखील दयेची कृती आहे. पण झाकणे वेगळे आणि बदलणे वेगळे. मी काही गोष्टी सांगणार नाही, असे म्हणणारा माणूस कोणाला फसवीत नाही. घडले त्याच्या जागी न घडलेले ठेवणारा माणूस, हेतू कितीही चांगला असो, दुसऱ्याच्या विश्वासाचा उपयोग त्याच्याचविरुद्ध करतो.

या दृष्टीने आपल्या घरांकडे पाहिले तर विषय एकदम जवळ येतो. धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव येतो, स्मरणिका निघते. देणगीदारांची छायाचित्रे पानोपानी येतात. ज्या धर्मशिक्षकाने उन्हातान्हात वाड्यावस्त्या पायी तुडविल्या त्याचे नावही येत नाही. कुटुंबाच्या आल्बममधून रुसलेल्या भावाची किंवा मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीची चित्रे हळूच नाहीशी होतात. वडिलांचे व्यसन साऱ्या गल्लीला ठाऊक असते, तरी त्यांच्या मृत्युलेखात ते संतपुरुष होतात. यात कोणाचे काय बिघडले, हा हर्लींच्या बाबतीतला प्रश्न येथेही विचारला जातो. बिघडले ते त्या आईचे. वीस वर्षे तिने जे सोसले, पोरांची पोटे ज्या हिकमतीने भरली, जो जपमाळेचा आधार धरला, ते सारे त्या एका सजविलेल्या परिच्छेदात पुसले गेले. वडिलांविषयी मौन पाळता आले असते. त्यांच्यातील खरे गुण सांगता आले असते, कारण तेही होतेच. पण खोटे रूप रंगविले, की त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. आठवी आज्ञा शेजाऱ्याचे नाव का घेते, ते येथे उमजते.

पूर्वी असा फेरफार करायला हर्लींसारखे कसब आणि अंधारी खोली लागत असे. आज खिशातल्या फोनवर बोट फिरविताच चित्रातला माणूस नाहीसा करता येतो, मिटलेले डोळे उघडता येतात, आणि कधीच न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र संगणक तयार करून देतो. साधन सोपे झाले म्हणून आज्ञा सैल होत नाही. उलट, चित्रावरचा विश्वास जसजसा कमी होईल तसतसे सर्वांचे लक्ष चित्र दाखविणाऱ्या माणसाकडे जाईल. हा माणूस आपल्या विरुद्ध जाणारे सत्यही सांगतो काय, एवढेच मग विचारले जाईल.

तेरेझा ज्या वर्षी वारली त्याच १८९७ साली, ११ जुलै रोजी, स्वीडनचे तीन जण हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले: सालोमोन आंद्रे, क्नुट फ्रेंकेल आणि चोवीस वर्षांचा निल्स स्ट्रिंडबर्ग. तीन दिवसांत फुगा बर्फावर कोसळला. स्ट्रिंडबर्गने कॅमेरा उभा केला आणि आडव्या पडलेल्या त्या फुग्याकडे पाहत उभ्या असलेल्या आपल्या दोन सोबत्यांचे छायाचित्र घेतले. पुढे तिघांनीही बर्फावर जवळजवळ तीन महिने काढले, आणि एका ओसाड बेटावर त्यांचा अंत झाला. तेहतीस वर्षांनी, १९३० मध्ये, नॉर्वेच्या एका जहाजाला त्यांचे अवशेष सापडले. त्यांबरोबर ती फिल्मही होती. स्टॉकहोमला जॉन हर्ट्झबर्ग यांनी अपार काळजी घेऊन ती धुतली आणि ९३ चित्रे हाती आली. स्ट्रिंडबर्गने ती काढली तेव्हा कोणी ती कधी पाहील याची कसलीच खात्री नव्हती. तरी त्याने फसलेल्या फुग्याकडे पाठ फिरवून चित्र घेतले नाही. मनुष्यमात्र पाहत नसताना दिलेली साक्ष कोणासमोर दिली जाते, हे ख्रिस्ती वाचकाला सांगावयास नको.

आपल्यापैकी कोणी ध्रुवावर जाणार नाही. पण जुन्या छायाचित्रांचा एखादा डबा बहुतेक घरांत असतो, आणि ती ओळखणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापाशी बसून प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने साल, गाव आणि नावे लिहून घ्यावीत. सर्वांची नावे: रुसलेल्या भावाचे, परजातीत गेलेल्या मुलीचे, कडेला उभ्या असलेल्या मोलकरणीचेही. जे सांगवत नाही ते सांगू नये. जे सांगू ते जसे होते तसे सांगावे.